फडावरून खेळलेली लीग

हा जुगार नाही. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना ऐकवलंय, की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच म्हणून टाकते. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, शाळेतल्या हेडसरांना तर लेखी दिलं. यात कुणी रुपया लावत नाही आणि कुणाचा रुपया जात नाही. तरीही आठ माणसं सहा महिने एकमेकांवर दात खाऊन असतात, आणि त्यातली एक मी असते.

मी वडवणीच्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. हजेरीपट, दाखले, सेवापुस्तकं हे माझं काम. आमच्या शाळेतल्या मास्तरमंडळींनी फँटसी बास्केटबॉलची लीग काढली होती. गणिताचे सर तिचे प्रमुख. क्रिकेटवर काही काढलं तर जो तो स्वतःला जाणकार समजतो आणि स्टाफरूममध्ये भांडणं होतात, म्हणून सरांनी मुद्दाम बास्केटबॉल निवडलं होतं. त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळे एका पातळीवर.

खेळ समजायला सोपा आहे. अमेरिकेत पुरुषांची बास्केटबॉलची मोठी स्पर्धा चालते, तिच्यातले खरे खेळाडू आठ जणांनी आपसात वाटून घ्यायचे. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग तो खेळाडू तिकडे मैदानात जे करील, त्याचे आकडे इकडे आपल्या टीमला मिळतात. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. आमच्याकडे भाकरी थापून होईपर्यंत सामने रंगात आलेले असतात आणि शाळेची घंटा होईपर्यंत निकाल हातात पडतो.

त्या वर्षी त्यांच्यातल्या एका सरांची बदली झाली आणि आठाचे सात उरले. दर आठवड्याला एक टीम दुसऱ्या टीमशी भिडणार, असा त्यांचा प्रकार होता. सात राहिले तर एकजण दर आठवड्याला बिनजोडीचा बसणार. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी गणिताचे सर आणि क्रीडाशिक्षक माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुम्हाला काही करायचं नाही," गणिताचे सर म्हणाले. "फक्त नाव द्या. टीम संगणक आपोआप लावतो."

"मग संगणकाचंच नाव लावा ना सर."

क्रीडाशिक्षक हसले. "मॅडम, तुमाला बास्केटबॉलमधलं काय कळतं?"

"मी बीडला कॉलेजच्या टीममधून चार वर्षं खेळलेय. तुम्ही किती वर्षं खेळलात?"

ते कबड्डीवाले. शाळेत मला लागून सात वर्षं झाली होती आणि ही गोष्ट एकालाही माहीत नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. मी म्हणाले, "नावाला बसणार नाही. खेळायचं असेल तर येते."

खेळाडू वाटून घ्यायचा कार्यक्रम रविवारी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत झाला. चिठ्ठ्या टाकल्या. माझा नंबर आठवा, म्हणजे शेवटचा. क्रीडाशिक्षकांनी "अरेरे" केलं, पण यात एक गंमत आहे. पहिली फेरी एकपासून आठपर्यंत जाते आणि दुसरी फेरी आठपासून उलटी येते. त्यामुळे शेवटच्याला लागोपाठ दोन खेळाडू उचलता येतात. मी दोघे उचलले आणि प्रयोगशाळेत हशा पिकला. दोघांचंही नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. दोघेही धिप्पाड, बास्केटखाली उभे राहून दुसऱ्यांचे हुकलेले चेंडू ओढणारे.

"मॅडमनं हमालच भरले की टीममधी," क्रीडाशिक्षक म्हणाले.

भरले होते. जाणूनबुजून भरले होते. आमच्या लीगमध्ये नुसते पॉइंट मोजायचे नव्हते. नऊ रकाने होते. किती पॉइंट केले हा त्यातला एकच. हुकलेला चेंडू ताब्यात घेतला, त्याचा एक रकाना. ज्या पासवर दुसऱ्यानं बास्केट केलं, त्या पासचा एक. समोरच्याच्या हातून चेंडू हिसकावला, त्याचा एक. समोरच्यानं टाकलेला चेंडू हवेत अडवला, त्याचा एक. असे नऊ. आठवड्याच्या शेवटी नवांपैकी जास्त रकाने ज्याचे, तो जिंकला. सगळे मास्तर पॉइंटवाल्यांच्या मागे धावले. मी पॉइंटचा रकाना सोडून दिला, लांबून टाकलेल्या बास्केटचाही सोडला, फाऊलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोचाही सोडला. तीन गेले तरी सहा उरतात. जिंकायला पाच पुरतात.

हे गणित मला पुस्तकातून आलं नव्हतं. कॉलेजात आमच्या टीममध्ये एक मैत्रीण होती, चकलांब्याची. उंच, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. चार वर्षांत तिनं टाकलेली बास्केटं हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण बोर्डावर आदळून परत आलेला चेंडू तिनं कधी दुसरीला मिळू दिला नाही. तिनं काढायचा, मला द्यायचा, मी पुढच्या पोरींना द्यायचा. आम्ही जिंकायचो ते तिच्यामुळे. कॉलेजच्या कागदावर मात्र बास्केट टाकणारीचंच नाव लागायचं. दुसऱ्या वर्षानंतर बक्षिसं वाटली गेली तेव्हा ती मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढं तिचं लग्न उमापूरला झालं. नवरा ऊसतोडीला जाणारा, मग तीही जायला लागली. दसरा-दिवाळीच्या आगंमागं टोळी निघते, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येते. ती अमेरिकेतली स्पर्धासुद्धा ऑक्टोबरला सुरू होते आणि तिचे साखळी सामने एप्रिलात संपतात. दोन्ही हंगाम बरोबरीनं चालतात हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

टीम लावल्यावर मी तिला फोन केला. ती कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाच्या बांधावर जेवायला बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"खालचा चेंडू काढला तर त्येचं येगळं मोजतेत?"

"हो. वेगळा रकाना हाय."

"ज्येनं काढला त्येच्याच नावावर?"

"त्येच्याच."

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "दाव मला ती माणसं."

त्या दिवसापासून मी तिला रोज दोन-तीन मिनिटांच्या क्लिपा पाठवू लागले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ती मोबाईल चार्ज करायची आणि दुपारच्या जेवणाला बघायची. नजर तीच, कॉलेजातली. डिसेंबरात तिनं मला आमच्या टीममधल्या एका चांगल्या खेळाडूबद्दल सांगितलं, "ह्येला काढ. ह्येचा गुडघा दुखतोय."

"बातमीत तर काही न्हाई."

"बातमीला काय कळतंय? उडी मारून खाली येताना बग त्यो. डाव्या पायावर भारच देत न्हाई. मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना आमची बी माणसं तशीच पाय टाकतेत."

मी त्याला काढून दुसरा घेतला. क्रीडाशिक्षकांनी मी काढलेला खेळाडू लगेच उचलला, "मॅडमनं हिरा टाकला" असं म्हणत. बाराव्या-तेराव्या दिवशी तो गुडघा धरून बसला आणि पुढं महिनाभर खेळलाच नाही.

संक्रांतीपर्यंत दहा आठवडे झाले होते, त्यातले आठ मी जिंकले होते. मास्तर आधी म्हणाले नशीब. मग म्हणाले मॅडमला वेळ फार असतो, जणू शाळेचे दाखले आपोआप निघतात. मग कुणीतरी मला फोनवर बोलताना ऐकलं आणि क्रीडाशिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुमाला बाहेरून कोण सांगतं म्हणे? कोण ऊसतोडीवाली हाय?"

"हो. माझी मैत्रीण आहे. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत बैठक झाली. विषय एकच, लीगचा प्रकार बदलायचा. नऊ रकाने किचकट पडतात, लक्षात राहत नाहीत, त्यापेक्षा सरळ गुणांची लीग करू. केलेल्या प्रत्येक पॉइंटला पूर्ण गुण, बाकी सगळ्याला अर्धा. जोड्या तशाच. अशा लीग असतात, त्यात चूक काही नाही. पुष्कळ लोक तसंच खेळतात. पण टीम वाटून झाल्यावर, अर्धा हंगाम सरल्यावर कुणी नियम बदलत नाही. पॉइंटवाले सगळे त्यांच्याकडे होते आणि माझ्याकडे हमाल.

"सर, तुम्हीच पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं," मी गणिताच्या सरांना म्हणाले आणि कागद पुढे केला. लिपिक आहे मी, कागद जपून ठेवते. "हंगाम संपेपर्यंत नियमात बदल होणार नाही. खाली तुमची सही आहे."

सरांनी कागद वाचून परत दिला. "बहुमत घेऊ," एवढंच म्हणाले.

सात हात वर गेले. गणिताच्या सरांचा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला. सगळ्यांना वाटलं आता ही बाहेर पडेल. क्रीडाशिक्षकांनी तर विचारलंच, "मग मॅडम, थांबताय ना?"

"थांबते की. याच टीमनं थांबते. एकही माणूस बदलणार नाही."

बदलला नाही. हरत गेले, दर आठवड्याला हरत गेले, पण टीम तीच ठेवली. आणि दर सोमवारी दोन्ही नियमांनी निकाल काढून स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. डाव्या बाजूला नवा नियम, उजव्या बाजूला जुना. सुबक रेघा मारून, वर मथळा देऊन. शाळेचा शिक्का मारला नाही, तेवढं भान होतं.

तिसऱ्या सोमवारी हेडसरांनी बोलावलं. "फळ्यावर हे जुगाराचे आकडे कुणी लावले?"

"मी लावले सर. जुगार नाही. यात पैसे नाहीत. मोबाईलवर पैसे लावून रोजच्या रोज टीम बदलायचे खेळ निघाले होते, ते वेगळे. आमच्यात तसं काही नाही."

"लेखी द्या."

मी तिथंच बसून लिहून दिलं. तरी ते म्हणाले, फळ्यावर नको. बरं, फळ्यावरून काढलं आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं, अक्षरं समोरच्या बाजूनं वाचता येतील असं. मास्तरांची सकाळची सही माझ्याच टेबलावर होते. हात सहीवर आणि डोळे काचेखाली. पाडव्यापर्यंत एकेकाला रोज तो कागद वाचावा लागला.

हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नियमानं मी पाचवी होते. जुन्या नियमानं पहिली. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर गणिताचे सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खरं तर तुम्हीच जिंकलात."

"मला माहीत आहे सर. हे उद्या सगळ्यांसमोर म्हणा."

ते म्हणाले नाहीत.

टोळी परत आल्याचं कळल्यावर मी उमापूरला गेले. मैत्रीण दारात बसून गोधडीला टाके घालत होती. रापली होती, तळहाताला घट्टे पडले होते. मी सगळा वृत्तांत सांगितला, दोन्ही कागद दाखवले. मला वाटलं ती हळहळेल.

"कशाला बसती त्यांच्यात?" ती म्हणाली. "आपली काढ की."

"काढू. आपण दोघी मिळून एक टीम—"

"दोघी मिळून न्हाई." तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "माझी येगळी. माझ्या नावाची."

"का गं?" मी विचारलं.

"तिकडं आमाला कोयता म्हणतेत, म्हाईत हाय का तुला? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मी किती तोडला, किती मोळ्या वाहिल्या, ते कुटंच न्हाई. आन् आता हितं बी दोघीत एक? सा महिने मी सांगत होते, मास्तरांच्या तक्त्यावर नाव कुणाचं होतं?"

माझं होतं. एकटीचं. मी तिला भर स्टाफरूममध्ये माझी मैत्रीण म्हटलं होतं, अभिमानानं म्हटलं होतं, पण तक्त्यावर तिचं नाव लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. सात मास्तरांशी हुज्जत घालणारी मी, आणि हे माझ्याकडून झालं होतं. मी तिला तसं सरळ सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि परत गोधडी हातात घेतली.

त्या उन्हाळ्यात आम्ही आठ जणी जमवल्या. जुन्या टीममधल्या दोघी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक नर्स, बीड-वडवणी गाडीवरची एक कंडक्टर, दोघी अंगणवाडीच्या, मैत्रीण आणि मी. आधी मी सुचवलं होतं की अमेरिकेत बायकांचीही स्पर्धा असते, ती उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, म्हणजे मैत्रीण गावातच असेल. तिला ते पटलं नाही.

"घरी असल्यावर मला लई कामं हायती. मला तिकडं पायजे. फडात."

म्हणून हंगाम तोच ठेवला आणि लीगचा प्रकार तिच्या दिवसाप्रमाणे बसवला. दर आठवड्याच्या जोड्या काढून टाकल्या. फडात कधी कधी तीन-तीन दिवस रेंज नसते, त्यात बिचारीचा आठवडा बुडाला तर? त्याऐवजी पूर्ण हंगामाची बेरीज. प्रत्येक रकान्यात जी पहिली, तिला आठ गुण. शेवटची, तिला एक. रोज टीम बदलायची सोय बंद. रविवारी जी लावली ती आठवडाभर. आणि तीन खेळाडू पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचे, म्हणजे एखादीनं कच्चा पोरगा ओळखून घेतला असेल तर त्याचं फळ तिलाच मिळावं. नऊ रकान्यांत दहाव्याची भर घालावी म्हणून नर्सनं आग्रह धरला होता, पण तो सगळ्यांनी मिळून हाणून पाडला. नियमांच्या कागदावर आठही सह्या घेतल्या. मैत्रिणीची सही सगळ्यात ठसठशीत होती, कागदाच्या मागं उमटलेली.

पहिल्याच हंगामात मुकादमानं तिला हटकलं. हे तिनंच मला फोनवर सांगितलं, हसत नव्हती. दुपारी ती मोबाईलवर बघत होती, तर तो येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाला, "बायकूला आवर बे. फडात मोबाईल बघत बसती."

नवरा खाली बघायला लागला. ती उठली.

"माझ्याशी बोला. माझी मोळी कमी पडली का?"

"मोळीचं न्हाई, वळण बिघडतंय बाकीच्यांचं."

"मोजा म्हणलं. आज मी किती बांधल्या ते मोजा आन् मग बोला. जेवायच्या वेळंत मी काय बघायचं ते माझं मी ठरवीन."

त्यानं मोजल्या नाहीत. तिनंच मोजल्या, मोठ्यानं, एकेका मोळीवर हात ठेवत, टोळीतल्या बाकीच्या बाया बघत असताना. दुसऱ्या दिवसापासून टोळीतल्या आणखी दोघीजणी स्वतःच्या मोळ्या आपल्या आपण मोजायला लागल्या. वहीत अजून नवऱ्यांचीच नावं आहेत. ते बदललेलं नाही, आणि मी ते बदललं म्हणून सांगणार नाही. मोबाईलचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

त्या वर्षी नर्स पहिली आली. मैत्रीण तिसरी, हुकलेला चेंडू काढणं आणि हवेत अडवणं या दोन रकान्यांत सगळ्यांच्या वर. मी सहावी. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? मैत्रिणीनं मी हेरलेला एक खेळाडू माझ्या आधी उचलला होता आणि मी फोनवर तिला चार शब्द सुनावलेही. ती म्हणाली, "मग आधी घ्यायचा की."

मास्तरांची लीग पुढच्या वर्षी मोडली. दर महिन्याला कुणीतरी नियम बदलायचा ठराव आणायचं, शेवटी कुणालाच कुठला नियम चालू आहे ते कळेना. क्रीडाशिक्षक एकदा सही करताना रेंगाळले.

"मॅडम, तुमच्या लीगमधी जागा हाय का हो?"

"नाही सर."

"नवव्या टीमला काय हरकत हाय? बेरजेची लीग हाय म्हणे तुमची, जोडी लागत न्हाई."

"जोडी लागत नाही. जागाही नाही."

वाईट वाटलं का? नाही वाटलं. लोक म्हणतात मन मोठं करावं. माझं मन जेवढं आहे तेवढं मला पुरतं.

या वर्षी मात्र एक जागा खरंच रिकामी झाली. कंडक्टरबाईची बदली झाली आणि त्या म्हणाल्या, नव्या डेपोत जमेपर्यंत मी खेळत नाही. दसऱ्याआधी मैत्रिणीचा फोन आला. टोळी निघायची तयारी चालली होती, मागं भांडी बांधल्याचा आवाज येत होता.

"मुकादमाची बायकू इचारतीय," ती म्हणाली. "तिला बी टीम पायजे म्हणं. नवऱ्याच्या हाती निरोप धाडलाय."

मी विचारलं, "तुला चालतं का?"

"चालतं की. तिचं तरी नाव कोणत्या वहीत हाय?" मग ती म्हणाली, "पण नवऱ्याकडून निरोप न्हाई चालायचा. तिनं सोता फोन करावा. तसं सांग."

"मी कशी सांगू? तूच सांग."

"सांगितलं बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एका बाईनं आधी घसा खाकरला, मग स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि विचारलं, "नऊ रकाने कोणते कोणते, एकदा नीट सांगता का?" मी पोळीखालचा गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला बसले.